मागच्या चाकावरची लाल रेघ

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? पोट शिवायच्या आधी आत गेलेली प्रत्येक गॉजची पट्टी बाहेर आली की नाही, हे मोजायचं काम त्यांचं. एरवी भल्याभल्यांना घाम फोडणारे डॉक्टर हातात सुई धरून ताटकळत उभे राहायचे आणि विचारायचे, "सिस्टर, मोजणी?" त्या "बरोबर" म्हणाल्या की मगच पहिला टाका पडायचा.

अशा बाईची गाडी दुरुस्तीला आली, हे सर्व्हिस सेंटरवाल्यांचं नशीबच म्हणायचं.

गाडी लेकीची. तिला घाटापलीकडच्या शाळेत नोकरी लागली होती. सोमवारपासून चार वर्षांच्या नातीला मागे बसवून ती रोज तो घाट चढणार-उतरणार होती. आणि गाडीचा ब्रेक दाबला की करकर वाजायचा, पाय पार खाली जायचा. "आई, कंपनीचं सेंटर आहे, करतील ते नीट," लेक म्हणाली. सिस्टर हो म्हणाल्या आणि लेकीची लाल नेलपॉलिश घेऊन अंगणात उतरल्या. प्रत्येक चाकाच्या एका नटावरून थेट चाकापर्यंत त्यांनी बारीक रेघ ओढली. थिएटरमध्ये कात्र्या-चिमट्यांना रंगाच्या खुणा करायची सवय होतीच. नट फिरला की रेघ तुटणार, आणि नट फिरवल्याशिवाय चाक काही निघत नाही.

शनिवारी गाडी न्यायला त्या एकट्याच गेल्या. सुपरवायझरनं कागद पुढे केला: चारही चाकांचे ब्रेक लायनर बदलले, खाली सही, सहीवर शिक्का. वर हसून म्हणाला, "मॅडम, हे जुने काढलेलेही ठेवलेत तुमच्यासाठी." आणि खोकं उघडलं. चाक घासून थांबवणारे हे लायनर चाकाला दोन, चार चाकांचे आठ. सिस्टरनी मोजले. आठ भरले.

दुसरं कुणी असतं तर किल्ली घेऊन निघालं असतं. पण सिस्टरना जुळलेल्या आकड्याचीच धास्ती. नोकरीच्या नवव्या वर्षी एकदा अशीच मोजणी चोख जुळली होती. घाईगडबडीत कुणीतरी एक पट्टी फाडून तिच्या दोन केल्या होत्या, ते त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि त्या "बरोबर" म्हणून मोकळ्या झाल्या. अकराव्या दिवशी तो माणूस तापानं फणफणत परत आला, आत राहिलेल्या पट्टीसाठी पोट पुन्हा उघडावं लागलं. वाचला बिचारा. घरी जाताना त्यानं सिस्टरनाच हात जोडले, आणि ते हात जोडणं त्यांना आजतागायत पचलेलं नाही.

"चला, गाडी बघू," त्या म्हणाल्या.

पुढच्या दोन्ही चाकांवरच्या रेघा तुटलेल्या होत्या. छान. मग गुडघ्यावर हात टेकून त्या मागच्या चाकाशी वाकल्या. रेघ आत्ताच ओढल्यासारखी अखंड. पलीकडच्या चाकावरही तेच.

"ही दोन चाकं उघडलीच नाहीत तुम्ही."

"मॅडम, हे लाल काय आहे?"

"नेलपॉलिश. विषय बदलू नका. काम कुणी केलं, त्याला बोलवा."

पिकल्या मिशांचा मिस्त्री हात पुसत आला. त्यानं रेघ पाहिली, सुपरवायझरकडे पाहिलं. खोटं रचायला माणसाला थोडा वेळ लागतो. त्यानं तो घेतला नाही. "मागची राहिली, ताई. काल चौदा गाड्या होत्या. आठ भरायला खोक्यात दुसऱ्या गाडीचे चार टाकले."

सुपरवायझरचा चेहरा पडला. "सोमवारी आणा मॅडम, लगेच करून—"

"सोमवारी माझी नात या गाडीतून घाट उतरणार आहे. आत्ता उघडा. माझ्यासमोर."

"वर्कशॉपमध्ये बाहेरच्यांना येता येत नाही."

"आमच्या थिएटरमध्येही येता येत नव्हतं," जमिनीवरचा पिवळा पट्टा ओलांडत सिस्टर म्हणाल्या. "पण मी कधी बाहेर उभी राहिले नाही."

कुणाची अडवायची छाती झाली नाही. चाक निघालं. मिस्त्रीनं आतला जुना लायनर काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. तो झिजून झिजून खालचं लोखंड उघडं पडलं होतं. नातीची मागची सीट बरोब्बर या चाकावर येते, एवढंच सिस्टरच्या मनात आलं. मग राग आला. मिस्त्रीपेक्षाही त्या खोक्यातल्या आठांचा जास्त आला.

मागच्या दोन्ही चाकांना नवे लायनर बसवून मिस्त्रीनं वरचं झाकण उचललं आणि थांबला.

"बघता का, ताई? मग लावतो."

तीन वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. सिस्टरनी मोजलं नाही. त्या सरळ खाली बसल्या, चष्मा नाकावर सरकवला, आत बोट घालून नव्या लायनरची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. मग दुसऱ्याची. पलीकडच्या चाकापाशी जाऊन पुन्हा सगळं तसंच. मिस्त्री झाकण धरून तोवर उभाच होता.

"बरोबर," त्या म्हणाल्या. शब्द तोच होता, पंचवीस वर्षांपूर्वी त्या फसलेल्या मोजणीला म्हटलेला. या वेळी बोटाला काळं लागलेलं होतं.