पाऊण किलो भांग कुठं गेली?

नसरापूरहून सकाळची भोरची एसटी धरली. गोंदियाकडच्या माझ्या माणसांनो, घाबरू नका, मी चोरी केलेली नाही. पण संशय माझ्यावर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी जिथं काम करते त्या वैद्यबाई सरकारी परवाना घेऊन भांगेच्या पानांचं तेल करतात, दुखण्यावरचं. सातवीतून शाळा सुटलेल्या मला त्यांनी वजनाचा काटा शिकवला, नोंदवही माझ्या हाती दिली. हे उपकार फिटायचे नाहीत. गेल्या आठवड्यात तपासणी झाली. भर पावसाळ्यात आलेली पानं आता मे महिन्यात पाऊण किलो कमी भरली. तपासणीला आलेल्या साहेबांनी पानांच्या आणि तेलाच्या कपाटाला सील ठोकलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "कुठली गं तू? शिकलीस किती?"

आज भोरला उतरून आधी बाजारात कोथिंबिरीची जुडी घेतली.

"मावशी, वजन करून चिठ्ठीवर लिहून द्या."

"कोथमिरीला चिठ्ठी? सोन्याची हाय का काय?" भाजीवाली हसली, पण लिहिलं. दोनशे ग्रॅम.

मग परवान्याच्या कार्यालयात बाकड्यावर बसले. पंखा गरम वारा टाकत होता. मधेच समोर जाऊन मिसळ खाल्ली, भीतीनं तिची चवही कळली नाही. दोन वाजता आत बोलावलं. जुडी मी साहेबांच्या तपासणीच्या काट्यावर ठेवली आणि चिठ्ठी पुढं केली. एकशे सत्तर भरली.

"साहेब, तीस ग्रॅम कोथिंबीर मी विकली का?" आता भीती नव्हती, राग होता.

साहेब चक्क हसले. "वाळली, कळतंय की. पण आमच्या तक्त्यात आवक हाय, वापर हाय, शिल्लक हाय. वाळण्याला रकाना न्हाई. वर विचारावं लागंल."

"किती दिवस?"

"सांगता येत न्हाई."

कळतं, आणि तरी सील निघत नाही! ती जुडी त्यांच्याच टेबलावर आपटावी असं वाटलं. नाही आपटली. पिशवीत घातली आणि निघाले.

नसरापूरला परत येऊन वेल्ह्याची जीप धरली. समोर तोरणा, उतारावर वाळून पिवळं पडलेलं गवत. ते वाळलेलं सगळ्यांना दिसतं. वरच्या धनगरवाड्यातल्या धोंडाबाईंच्या हाडांत रोग आहे. तेलाची महिन्याची बाटली मीच पोचवते. आज बाटलीऐवजी नुसता निरोप घेऊन गेले. सुनेनं हुलग्याचं माडगं (पातळ पेज) पुढं ठेवलं. मी तिला कोथिंबीर दिली.

धोंडाबाई भिंतीला टेकून होत्या. "आणलंस व्हय, पोरी?"

"नाही मावशी. कपाटाला सील लागलंय."

"आसं? मग त्या सायबाला म्हणावं, माझ्या हाडांस्नी बी लाव एक सील."

सून हसली आणि तोंड फिरवून चुलीकडं गेली. आठ दिवस ती सासूजवळ जागत होती.

संध्याकाळच्या जीपनं परतले. कुलूप हवंच, हे मला मान्य आहे. नशेनं उद्ध्वस्त झालेली घरं मी आपल्या गावात पाहिली आहेत. पण ज्याच्या हाती किल्ली, त्याला पान वाळतं एवढं माहीत असू नये?

पोचल्याबरोबर नोंदवही काढली. पट्टी धरून एक नवा रकाना आखला: वाळून घट. ओरडतील, ओरडू देत. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सील लागल्यापासून धोंडाबाईंना झोप नाही.