का काढायचा, ते आधी सांगा

डॉ. गोविंदराव निपाणीकर यांच्याकडे मी नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि मला रुग्णाच्या खुर्चीत बसवले. हातात आरसा दिला. "ही तुमची अक्कलदाढ. काढायची की ठेवायची?" मी म्हणाले, "सरळ आली आहे, जागा आहे, ब्रश पोचतो. ठेवायची." "मग उद्यापासून या," ते म्हणाले. मी मुंबईहून दंतवैद्यकाची पदवी घेऊन नुकतीच बंगळूरला वडिलांकडे आले होते. वडील विमानांच्या कारखान्यात अभियंते होते आणि त्यांना वाटे, बाईमाणसाच्या हाती दात कोण देणार? डॉक्टरांनी ती शंका बोलूनसुद्धा दाखवली नाही.

राजाजीनगरातला त्यांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक बाक. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. अण्णांची एक रीत होती. दात काढायचा ठरला की ते रुग्णाच्या हाती आरसा देत आणि कारण समजावत. कीड आतल्या नसेला पोचून मुळाशी पू झाला आहे, हिरडीखालचे हाड झिजून दात डुलतो आहे, किंवा दाढ आडवी उगवून शेजारणीला ढकलते आहे. मग रुग्णाने तेच कारण स्वतःच्या शब्दांत बरोबर आलेल्या माणसाला सांगायचे. ते सांगता आले नाही, तर अण्णा चिमट्याला हात लावत नसत. "काढलेला दात परत लावता येत नाही, बाई. ज्याचा जातोय त्याला का जातोय ते ठाऊक नको?" बाकावरचे लोक कंटाळत, अण्णा कधी कंटाळले नाहीत.

ती रीत मी एकदाच मोडली. अण्णा गावाला गेले होते. आनेकलहून लक्ष्मम्मा नावाच्या शेतकरी बाई गाल धरून आल्या. त्यांनी वरच्या दाढेवर बोट ठेवले, तिथे थोडी कीडही दिसली. त्यांची परतीची बस सुटायला आली होती. शिवाय माझे कानडी इतके तोकडे होते, की कारण समजावायची आणि त्यांच्याकडून ऐकायची मला लाजच वाटली. मी दाढ काढली. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, दुखणे तसेच. तोवर अण्णा परतले होते. त्यांनी एकेका दाढेवर गार पाणी सोडले, आणि खालच्या दाढेवर थेंब पडताच बाई किंचाळल्या. खालच्या दाढेची कळ वर जाणवते, हे मी पुस्तकात वाचलेले होते!

अण्णा मला रागावले नाहीत. त्यांनी खालच्या दाढेत औषध भरून बाईंना घरी पाठवले. मला एवढेच म्हणाले, "रविवारी आनेकलला जाऊ. काय झालं ते तुम्ही त्यांना सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही." बसमध्ये मी कानडी वाक्ये घोकत होते आणि अण्णा शेजारी बसून माझे उच्चार सुधारत होते. लक्ष्मम्मांच्या अंगणात उभी राहून मी सांगितले, की तुमची चांगली ठेवता आली असती अशी दाढ मी काढली, चूक माझी. त्या म्हणाल्या, "गार पाण्यानं खालची दुखते, हे मला माहीत होतं, अम्मा. तुम्ही विचारलंच नाही." खालची दाढ वाचण्यासारखी नव्हती. ती मी काढू का, असे विचारताच त्यांनी हात हलवला. "बेडा. तुम्ही नको. अण्णाच काढू देत." त्यानंतरही त्या वर्षानुवर्षे येत राहिल्या, नेहमी अण्णांकडेच.

मला ते फार लागले. पुढे माझा हात बसला, कानडीही आले, कारण अण्णा रोज दुपारी चहाबरोबर मला दुखण्याचे शब्द शिकवत. पण काढायचा, असे म्हणायची वेळ आली की माझी नजर अण्णांकडे जाई. त्यांनी मान हलवल्याखेरीज माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. यशवंतपूरला मी स्वतःचा दवाखाना काढला तो त्यांच्याच आग्रहाने, तरी अडला रुग्ण मी माझ्या निदानाची चिठ्ठी देऊन राजाजीनगरला धाडत असे. अण्णा तो तपासून, "बरोबर आहे" असे लिहून परत पाठवत. बिचारे रुग्ण!

यंदा संक्रांतीला ऊस खाताना अण्णांची एक दाढ मधोमध चिरली. ते आपल्या पत्नीला, आमच्या काकूंना, घेऊन थेट यशवंतपूरला आले आणि माझ्या खुर्चीत बसले. मी पाहिले. चीर मुळापर्यंत गेली होती. मी म्हणाले, "अण्णा, आणखी कुणाचं मत घेऊ या का?" "स्वल्प थांबा," ते म्हणाले, "मी कुणाकडे आलोय? काढायची की ठेवायची?"

त्या खोलीत मान हलवायला कुणी नव्हते. "काढायची," मी म्हणाले. "मुळापर्यंत दुभंगली आहे, सांधता येणार नाही. ठेवली तर हाडात पू होईल."

अण्णांनी आरसा मागून घेतला, नीट पाहिले, आणि काकूंकडे वळून शाळकरी मुलासारखे ते सगळे कारण म्हणून दाखवले. मग मान मागे टेकून त्यांनी तोंड उघडले. माझे डोळे भरून आले होते, पण मी चिमटा उचलला आणि दाढ काढली.

अण्णा आज साठ पूर्ण करीत आहेत. त्यांच्या तोंडात एक दाढ कमी आहे आणि ती मी काढली आहे, हे या गौरवग्रंथात मला अभिमानाने सांगावेसे वाटते. बाकीच्या दातांनी त्यांनी अजून चाळीस संक्रांतींचा ऊस सोलून खावा. माझ्या खुर्चीत त्यांनी यावे ते केवळ चहा प्यायला.