माझ्या नावावर ताईची झोप

मुलानं वाढदिवसाला पुण्याहून झोप मोजायचा पट्टा पाठवला आणि सकाळी उठल्यावर मी बरा आहे की नाही, हे मला कळेनासं झालं. आधी कळायचं. पाठ दुखली तर दुखली, नाही तर चहा. आता डोळे उघडले की मोबाइल चाचपायचा, चष्मा शोधायचा आणि रात्री आपण कसे झोपलो ते वाचायचं. पट्ट्यावर ना काटा ना आकडा, नुसती काळी पट्टी. सगळा निकाल मोबाइलवर येतो. शरीर सावरलं असेल तर हिरवा, अर्धवट सावरलं तर पिवळा, नाही तर लाल. आणि हा निकाल बघायची दर वर्षाची वर्गणी. ती थांबली की मनगटावर नुसतं रबर.

"अहो," बायको ओट्यापासून विचारायची, "सावरलं का शरीर? सावरलं असन तं सिलिंडर लावून द्या."

शरीर बहुतेक सावरलेलं नसायचं. रात्री पुरणपोळी खाल्ली की सकाळी लाल. लग्नाहून उशिरा आलो की लाल. पण ज्या दिवशी मान धरली आणि मला कूसही बदलता येईना, त्या दिवशी हिरवा, वर 'आज व्यायामाला उत्तम दिवस' असा शेरा. संध्याकाळी बंगईवर झोके घेत, हात हलवत शेजाऱ्याशी गप्पा मारल्या की यंत्राच्या हिशेबी मी फिरायला गेलेलो. मी मुलाकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "बाबा, एकेक दिवस बघायचा नसतो. ट्रेंड बघायचा." माझा ट्रेंड वैतागाचा होता, तो बघायला मोबाइल नको होता. पण मुलानं दिलेली वस्तू, शिवाय त्याला त्याच्या फोनवर माझी झोप दिसते. काढून ठेवली की लगेच फोन, "बाबा, बरे आहात ना?"

तर हा पट्टा घालून मी महालक्ष्म्यांना अकोल्याला ताईकडे गेलो. ताई माझ्याहून मोठी, जुन्या शहरात तिचं घर. जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले आणि कोणाचं तरी लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. आमच्या खानदानात एखादं यंत्र एकाचं नसतं. बीपीचं मशीन घरी आलं की शेजारच्या आजोबांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचे दंड त्यात जाऊन येतात. पट्ट्याचंही तेच झालं. हातोहात फिरत तो ताईकडे आला.

"पाहू दे बरं मलेबी," म्हणून तिनं तो बांगड्यांच्या वर चढवला. मीच खटका लावून दिला. तो खटका उघडायला नख लागतं आणि ताईची नखं भांडी घासून संपलेली. अमरावतीला परतताना बडनेरा आलं तेव्हा माझं मनगट मोकळं असल्याचं माझ्या ध्यानात आलं. फोन केला, तर ताई म्हणाली, "निघत नाही बाप्पा हा. राहू दे, येईन कोनाच्या तरी हाती."

कोणाच्या तरी हाती म्हणजे आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरच्या हाती. तोवर मुलाचा फोन आलाच, तेव्हा पट्टा हातातच आहे, नेट नसेल, असं मी ठोकून दिलं. काही दिवसांनी पट्टा लाडूंच्या डब्यातून अमरावतीला आला. मी तो पुसून मनगटावर चढवला आणि त्यानं पोटात साठवलेलं सगळं माझ्या मोबाइलमध्ये ओकलं.

लाल. लाल. लाल.

तुमची झोप वरचेवर तुटते आहे. शरीराला विश्रांती मिळत नाही. डॉक्टरांचा सल्ला घ्या. मी ते पुरतं वाचायच्या आत मुलाचा फोन. "बाबा, तुम्ही रात्रभर जागे असता? दर थोड्या वेळानं उठताय! आणि मला सांगत नाही? आई कुठाय?"

"अरे, मी ठणठणीत आहे. ही झोप माझी नाही. आत्याची आहे."

तो म्हणाला, "बाबा, मग आत्याचं काय?"

आत्याचं काय, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. बायको मात्र शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मी तं महालक्ष्म्यांतच म्हनलं होतं, ताईचे डोळे पाहा. तुमी आपल्या मनगटाकडं पाहून राहिले होते."

ताईच्या सासूबाई, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, पडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे फोनवर आम्ही "मावशी कशा आहेत?" विचारायचो, ताई "आहेत" म्हणायची आणि आम्ही पुढे पावसावर यायचो. मी ताईला फोन लावला.

"ताई, तू रात्री झोपत नाहीस."

"हे सांगाले पट्टा लागला का तुले?"

"भाऊजी?"

"त्यायची कंबर गेली. मातारीले कुशीवर कोन वळवनार? नाही वळवलं तं पाठीले जखमा होतात. थे हाक मारते, मी उठतो. झोपतो, पुन्हा हाक."

मला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी मोबाइलमधला सल्ला तिला वाचून दाखवला. झोपण्याआधी खोलीत अंधार करा, ठरलेल्या वेळी झोपा, दीर्घ श्वास घ्या.

"अंधारात डायपर बदलू का?" ताई म्हणाली. "ठेव फोन. दूध उतू जाऊन राहिलं."

रात्रीसाठी भाऊजींनी बाई ठेवून पाहिली होती. मावशींनी आलेल्या बाईला असं काही फैलावर घेतलं, की ती चप्पल घालतच बाहेर पडली. परक्याचा हात त्यांना चालत नाही. मी परका नव्हतो, पण त्याहून वाईट होतो. सुनेचा भाऊ, म्हणजे पाहुणा. पाहुण्यानं ताटावर बसायचं आणि नंतर पान खायचं. तरी एका रविवारी सकाळी मी एकटाच अकोल्याला जाऊन उभा राहिलो आणि ताईला म्हणालो, "जेवणं झाली की तू आत जाऊन झोप. मावशींजवळ मी बसतो."

"दिवसा झोपू? आन मातारीनं पाह्यलं तं?"

"मी आहे ना."

"तुह्यानं नाही होनार भाऊ," असं म्हणत म्हणत ती गेली. भाऊजी दुकानात होते. घरात मी, मावशी आणि पंखा.

मावशींना ऐकू कमी येतं, डोळे मात्र शाबूत. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं आणि ओरडलं तर मधल्या दारापलीकडे ताई उठणार. गप्प बसलं, तर मावशी ताईला हाक मारणार. म्हणून मी मान हलवायचं ठरवलं. त्यांना गप्पा हव्या होत्या, आणि त्यांच्या गप्पा म्हणजे अमरावतीतलं कोण गेलं आणि कोण उरलं.

"तुहा काका गेला ना?" मी मान हलवली. गेला होता.

"आन काकू?" तीही.

"तिवस्याचा तो सावत्र मामा?" मला माहीत नव्हतं, पण वय पाहता हलवली.

तेवढ्यात मुलाचा मेसेज आला. वर्गणी संपते आहे, पुढच्या वर्षाची भरून टाकू का? मी चष्मा लावून 'सध्या थांब' असं लिहायला घेतलं. मराठी अक्षरं शोधायला मला वेळ लागतो. मावशी विचारत होत्या, मी मान हलवत होतो. कोणीतरी शेजारीण, गेली. कोणी मास्तर, गेले. आणि त्याच ओघात त्यांनी विचारलं, "आन बायको तुही?"

मी मान हलवली.

मावशींनी हातानं कपाळ बडवलं आणि गळा काढला. "अवं माय वं! एवढं गुनाचं लेकरू! मले कोनी सांगतलंबी नाही वंऽऽ!" अंगात ताकद नसलेल्या बाईच्या गळ्यात एवढा आवाज असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी नाही नाही करत होतो. त्या मला जवळ ओढून पाठीवरून हात फिरवत आणखी मोठ्यानं रडत होत्या. शेजारच्या घरातल्या भाभी ओढणी सावरत धावत आल्या.

"या अल्ला! गईं क्या अम्मा?"

"अम्मा नहीं गईं! कोई नहीं गया!" मी म्हणालो. मग नाइलाजानं मावशींच्या कानाला तोंड लावून, सगळं शहर ऐकेल असं ओरडलो, "जित्ती आहे! घरी आहे! ठणठणीत आहे!"

मावशींनी डोळे पुसले. "मंग मुंडकं कावून हालवतं बैलावानी?"

भाभींनी तोंडात ओढणी कोंबली होती. मी मधल्या दाराकडे पाहिलं. ताई आता बाहेर येणार आणि म्हणणार, सांगतलं होतं ना, तुह्यानं नाही होनार. कोणी आलं नाही. मी दार थोडं लोटून पाहिलं. ताई एका कुशीवर पडली होती, तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाखाली लोंबत होता. ज्या बाईला सासूच्या खोकल्यानं रात्री जाग येते, तिला त्याच सासूच्या गळा काढण्यानं आली नव्हती.

मावशींना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. त्यासाठी ताईला उठवायचं ठरलं होतं, तिनंच तसं बजावलं होतं. मी दार ओढून घेतलं.

"भाभी," मी विचारलं, "वळवायचं कसं असतं?"

"खांदे के नीचे हाथ डालो भाईजान. नहीं, पूरा. मैं कमर पकडती."

मावशींनी माझ्याकडे आणि माझ्या हाताकडे असं पाहिलं, जसं रात्रीसाठी आलेल्या त्या बाईकडे पाहिलं असेल. चप्पल घालून पळावं, असं मलाही वाटलं. मग त्यांनीच एक हात माझ्या गळ्यात टाकला आणि कानाशी ओरडल्या, "हळू रे! पोतं होय का मी?"