ताडपत्रीचे गुडघे

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नाहीत. शिकायलाही फारसे गेले नाहीत, असं त्यांची बायको सांगते. शिंप्याला मास्तर म्हणायची रीत, म्हणून ते मास्तर. पण पोरांच्या तब्येतीबद्दल त्यांचं मत डॉक्टरांपेक्षा ठाम. डॉक्टर जीभ बघतात, मास्तर पँटचा गुडघा.

"गुडघा फाटला की समजायचं, पोर ठणठणीत," ते मशीनवरून मान न उचलता सांगायचे. "गुडघा शाबूत आणि कंबर मात्र दर वर्षी दोन बोटं वाढवून मागतात, म्हणजे पोर घरात कोंडलंय."

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की नेमकं त्यांच्याच घरात तसलं पोर. सहा वर्षांची नात. नाव चांगलं लांबलचक आहे, पण आजोबा तिला गुंडी म्हणतात. शर्टाला असते ती. गुंडीच्या पँटा आखूड व्हायच्या, पण जुन्या व्हायच्या नाहीत. जेवताना घास गालात धरून बसायची. गिळायचा की नाही हे ठरेपर्यंत बाकीच्यांची ताटं घासून व्हायची. दोन जिने चढली की धापा. अंथरुणात पडली की तासभर टक्क जागी. तिचे ते कोरे गुडघे पाहून मास्तरांचा जीव तीळ तीळ तुटायचा.

अडचण होती चिरंजीवांची. मास्तरांचा मुलगा दिवसभर ऑफिसात बसतो आणि घरी आला की दमलो म्हणून बसतो. बाहेर माती, मातीत जंतू, जंतूंमुळे ताप, हा त्याचा पाढा. मास्तरांनी चार महिने भुणभुण लावली तेव्हा कुठे तो म्हणाला, "ठीक आहे बाबा. शाळा सुटल्यावर खेळू दे मैदानात. पण एकदा जरी कपडे फाटून आले, तर बाहेर जाणं कायमचं बंद."

"कबूल!" मास्तर म्हणाले. जन्मभर गुडघ्यांना ठिगळं लावलेल्या माणसाला न फाटणारा गुडघा शिवणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

त्याच आठवड्यात गुंडीच्या वर्गाच्या बावीस पँटा दुकानात आल्या होत्या शिवायला. मास्तरांना वाटलं, एकट्या नातीचंच का भलं करायचं? त्यांनी बावीसच्या बावीस पँटांच्या गुडघ्यांत, कापडाच्या दोन थरांमध्ये, ताडपत्रीचा तुकडा घातला. सात सुया मोडल्या. बायको म्हणाली, "अहो, पोरांना घालायच्यात की ट्रकला?"

सोमवारी बावीस पोरं कंपासपेटीतल्या कर्कटकासारखी, पाय न वाकवता, डुलत डुलत वर्गात शिरली. बाकावर बसायची वेळ आली आणि तमाशा झाला. गुडघा वाकेना. एक जण बसायला गेला तो सरळ आडवा झाला, आणि त्याच्या ताठ पायांनी पुढच्या दोघी लोळवल्या.

दुपारी वर्गाच्या बाई दुकानात हजर. "मास्तर, हे काय शिवलंत? पोरं बसतच नाहीत!"

"अहो, उभं राहणं तब्येतीला..." मास्तरांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि वाक्य गिळलं. "आठ दिवस द्या. सगळ्या उसवून देतो."

"आणि तोवर मी काय करू?"

"बाहेर न्या की. मैदानाला कुठे बाक आहेत?"

बाई पाय आपटत गेल्या, पण करतात काय? मंगळवारपासून वर्ग मैदानात. बेरजा गळलेल्या पानांच्या, मोजमाप सावल्यांचं, अक्षरं काठीनं मातीत. फळ्याला नाक लावणारी पोरं लांबच्या तारेवरचे पक्षी मोजायला लागली. कोपऱ्यात कुंपण बांधताना उरलेला मातीचा ढिगारा होता. ताठ पायांनी त्यावरून घसरायची मजा काही औरच, हा शोधही तिथेच लागला.

आठ दिवसांनी मास्तर कात्री घेऊन शाळेत गेले, तर बाईच आडव्या आल्या. "हात लावू नका! आठवडाभरात एक पोर पेंगलं नाही की एक रडलं नाही. आणि आता ताडपत्री मऊ पडून गुडघे वाकतात, तरी आम्ही आत जात नाही."

इकडे गुंडी तिसरी पोळी मागायला लागली. जिने दोन दोन पायऱ्या घेत चढायची आणि उशीला डोकं टेकायच्या आत घोरायची. मास्तर दुकानात राजासारखे बसले.

आणि शुक्रवारी गुंडीची पँट फाटली. गुडघ्यावर नाही हो! गुडघे जसेच्या तसे. फाटली ती मागे, बसायच्या जागी. ढिगाऱ्यावरून गुडघ्यांनी कोण घसरतं?

"ठरलं होतं ना? आता बंद म्हणजे बंद," चिरंजीव म्हणाले. गुंडी जेवायला बसली आणि कितीतरी दिवसांनी घास पुन्हा गालात जाऊन बसला. मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

"अरे, शिक्षा देण्याआधी न्यायाधीशसुद्धा जागा बघायला जातो," ते म्हणाले. "तो ढिगारा तरी बघून ये!"

"बघतोच. किती धोक्याचा आहे ते दाखवतो तुम्हाला."

शनिवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी ऑफिसला जाता जाता चिरंजीव गुंडीला घेऊन मैदानापर्यंत गेले. तासाभरानं दुकानाच्या दारात उगवले ते पाठीमागे फाईल धरून, खेकड्यासारखे आडवे चालत. शेजारी गुंडी, फुटेस्तोवर हसणारी.

"बाबा, जरा टीप मारून द्या. धोका तपासायला वर चढलो, तर पाय घसरला. एकदाच."

मास्तरांनी फाईल बाजूला केली, चष्मा पुसला आणि बराच वेळ अभ्यास केला. "एकदा घसरलं की एकदा फाटते, राजा. ही चार ठिकाणी फाटलीये."

"पाच वेळा घसरले, आजोबा!" गुंडी म्हणाली. "पाचव्यांदा तर डोकं खाली करून! आणि आता त्यांना भूक लागलीये."

चिरंजीवांचे कान लाल झाले.

"कपडे फाटले की काय करायचं ठरलंय आपल्याकडे?" मास्तरांनी नातीला विचारलं.

"बाहेर जाणं कायमचं बंद!" गुंडीनं कंबरेवर हात ठेवून निकाल दिला.

चिरंजीवांनी लेकीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बाबा, ताडपत्री उरलीये का हो? दोघांनाही लावा. मागून."