माझा टकला जावई

माझा जावई टकला आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला ती मजा मिळत नाही. नाव मिन गी-थे, वय छत्तीस, काम लिफ्ट दुरुस्तीचं. कपाळ भुवयांपाशी सुरू होतं ते मागे मानेपर्यंत कुठे थांबत नाही. कानांवर तेवढी थोडी झालर आहे.

मी ग्वांगजांग बाजारात एकतीस वर्षं मुगाची धिरडी विकते. मूग जात्यावर वाटायचे, त्यात किमची आणि डुकराचं मांस घालायचं, भरपूर तेलात कडक होऊ द्यायचं. बाजारातून बाहेर पडलं की समोर जोंगनोचा रस्ता. तिथे खाली ओळीने औषधांची दुकानं आणि वर जिने चढून जायचे दवाखाने. केस गळायला लागलेला सगळा देश गोळीसाठी तिथे येतो. बुसानहून येतात, ग्वांगजूहून येतात. पाच मिनिटांत डॉक्टर चिठ्ठी देतो, खाली दुकानात सहा महिन्यांच्या गोळ्या मिळतात, आणि पांढरी कागदी पिशवी खिशात कोंबून मंडळी माझ्या बाकावर येऊन बसतात. मी त्यांना लांबूनच ओळखते. तव्याच्या वाफेने घामाघूम झाले तरी ते टोपी काढत नाहीत.

म्हणून माझी मुलगी योन-जू त्याला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा मी गार पडले. त्याने बाकापाशी येताच टोपी काढली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मला आधी डोकं दिसलं, मग माणूस दिसला.

समोर फिल-सुनचा नूडल्सचा ठेला आहे. आमची तीस वर्षांची मैत्री आणि तीस वर्षांची चढाओढ. तिचा जावई दातांचा डॉक्टर, आणि त्याच्या लग्नाचा फोटो तिने ठेल्यावर असा टांगलाय की माझ्याकडे खाणाऱ्याला धिरड्याबरोबर तोही गिळावा लागतो. त्या फोटोत केस एवढे की डॉक्टर जेमतेम दिसतो. गी-थे वाकला तसा फिल-सुनने पळीच खाली ठेवली.

"सुनचांगवाली, तुझ्या ठेल्यावरचा बल्ब गेला होता ना? आला बघ नवा."

मी सुनचांग गावची म्हणून बाजारात मला सगळे त्याच नावाने हाक मारतात. अख्खा बाक हसला. तो राग मी कोणावर काढावा? त्याच्यावरच काढला.

"मुलगा बरा दिसतोस," मी म्हटलं. "कामाला आहेस, दारू बेताची पितोस असं ही सांगते. माझी ना नाही. पण पुढच्या ऑक्टोबरात लग्न, आणि फोटो निघेल तेव्हा डोक्यावर केस पाहिजेत. गोळी समोर मिळते. रोज एक खायची. नसेल जमत तर आत्ताच सांग."

"आई, अगं काय बोलतेस," योन-जू म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं, आई," म्हणाला.

मला बरं म्हणून सोडून देणं जमत नाही. मी त्याला बाहीला धरून रस्ता ओलांडला आणि दवाखान्याचा जिना चढवला. डॉक्टरने डोकं तपासलं, यकृताचा काही त्रास आहे का विचारलं, मग म्हणाला, "रक्तदान करता का?"

गी-थेने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मीच बोलले. "हा दिवसभर लिफ्टच्या टपावर उभा असतो डॉक्टर, ह्याला कुठला वेळ."

"मग हरकत नाही. गोळी चालू असेतो रक्त द्यायचं नाही. बंद केल्यावरही एक महिना नाही. ते रक्त गरोदर बाईला चढलं तर पोटातल्या मुलाला अपाय होऊ शकतो."

"नाही देणार," मी म्हटलं. गी-थे गप्प बसला. तेव्हा मला वाटलं, मुलगा आज्ञाधारक आहे.

त्यानंतर दर रविवारी तो ठेल्यावर यायचा आणि मी त्याला सगळ्यांसमोर वाकायला लावायची. तेलाचा हात पुसून डोक्यावरून फिरवायची. गिऱ्हाइकं हसायची, टोपीवाले चोरून बघायचे, आणि तो वाकलेल्या अवस्थेतच धिरडं मागायचा. मार्चमध्ये बोटांना काहीतरी लागलं. नवजात पोराच्या डोक्यावर असते तशी मऊ लव. मी फिल-सुनला हाताला धरून आणलं.

"लाव हात."

तिने लावला. "पीचच्या फळावरही याहून जास्त असते," म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता, आणि मी त्या दिवशी चार टोपीवाल्यांना तांदळाची दारू, माकगोली, फुकट पाजली.

जुलैत ती लव गेली. आधी वाटलं उन्हाने असेल, मग वाटलं माझ्याच बोटांना घट्टे पडलेत. ऑगस्टमध्ये डोकं पुन्हा पहिल्यासारखं गुळगुळीत झालं, आणि लग्न दोन महिन्यांवर. मी एप्रन न काढता थेट केमिस्ट गुक बाईंच्या दुकानात गेले आणि रांगेतल्या वीस पुरुषांसमोर त्यांच्या गोळ्या खोट्या आहेत म्हणून सांगितलं. रांगेतले सगळे आपापल्या पिशव्यांकडे बघायला लागले.

गुक बाई शांत बाई. त्यांनी मला बाजूला घेतलं. "दुसऱ्याच्या औषधाचं मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. पण गोळी गिळली तरच लागू पडते, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. जावयालाच विचारा ना."

त्या रविवारी तो योन-जूबरोबर आला तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी होती. मी त्याला वाकायला सांगितलं नाही.

"गोळी खातोस का?"

"नाही, आई. एप्रिलपासून नाही." त्याने पिशवीतून उरलेले डबे काढून तव्याशेजारी ठेवले. उघडलेलेसुद्धा नव्हते.

माझा आवाज किती चढला असेल ते विचारू नका. योन-जूला ठाऊक होतं का? होतं. मला का सांगितलं नाही? त्याने तिला बोलू दिलं नव्हतं, म्हणाला, शब्द मी दिलाय, मीच सांगेन. समोर फिल-सुनची गिऱ्हाइकं नूडल्स तोंडाशी धरून ऐकत होती.

"माझं रक्त बी निगेटिव्ह आहे," तो म्हणाला. "आपल्याकडे निगेटिव्ह रक्त हजारात तिघाचौघांचं असतं. मी सैन्यात असतानाच यादीत नाव दिलं. कुठे लागलं की फोन येतो, आणि जो जवळ असेल तो जातो. एप्रिलमध्ये चोंगजूहून फोन आला. बाळंतपणात एका बाईचं रक्त थांबत नव्हतं. मी तेव्हा तिथेच होतो आई, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, एका इमारतीची लिफ्ट बघत होतो. आणि मला सांगावं लागलं की मी केसांची गोळी खातोय, माझं रक्त चालणार नाही."

"मग?"

"मग लिफ्टच्या टपावर बसून राहिलो. तीन तासांनी निरोप आला. जेचोनहून एक शाळामास्तर गाडी हाणत गेला होता. आई आणि मुलगी दोघी वाचल्या." त्याने डबे तव्यापासून लांब सारले. "वाचल्या म्हणून मी सुटलो. त्या दिवसापासून नाही खाल्ली. महिना गेल्यावर पुन्हा यादीत नाव घातलं. आज सकाळीच जाऊन आलो. मी तुम्हाला दिलेला शब्द मोडलाय. लग्नाचं तुम्ही म्हणाल तसं."

तो उभाच होता. टोपी हातात, आणि त्याचं ते बोडकं डोकं, ज्यावरून मी दहा महिने हात फिरवला होता. मला दवाखाना आठवला. डॉक्टरने विचारलं होतं, आणि तो सांगणार होता. उत्तर मी दिलं होतं. चोंगजूची ती बाई मला माहीत नाही. पण ती तीन तास माझ्या एका फोटोपायी तशी पडून होती, आणि तो शाळामास्तर नसता तर? मला लाज वाटली. असं मी सहसा कबूल करत नाही.

"आजवर किती वेळा दिलंस?"

"त्रेसष्ट."

"आणि कोणाला बोलला नाहीस."

"सांगायचं काय त्यात. रक्त आहे, तयार होतं."

मी तव्यावर दोन धिरडी एकदम टाकली. "बस खाली," म्हटलं. "रक्त देऊन आलेला माणूस उभा राहतो का? खा. लग्न ठरल्या तारखेलाच आहे. आणि यापुढे डॉक्टर काही विचारेल तेव्हा मी मध्ये बोलले तर मला सरळ गप्प कर."

"तुम्हाला?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. योन-जू तोंड फिरवून डोळे पुसत होती. फिल-सुनने समोरून एक वाडगा नूडल्स पाठवले आणि पैसे घेतले नाहीत. तिच्यात हे कधी बघितलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सजवणाऱ्या बाईने केसांचा टोप आणला. नवरदेव टकला असला की आणतातच. मी तो तिच्या पेटीत परत ठेवला आणि झाकण लावून घेतलं. गी-थे काळ्या सुटात, लाल कानांनी, दिव्यांखाली चमकत उभा राहिला. समोरच्या रांगेतून मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या हानबोकची, त्या लग्नातल्या रेशमी पोशाखाची, गाठ छातीवर तटतटत होती. अभिमानाने माणूस जाडसुद्धा होतो हे मला तेव्हा कळलं.

तीन आठवड्यांनी स्टुडिओतून मोठा फोटो आला, चौकटीसकट. बाजारातल्या सगळ्या बायका गोळा झाल्या. मी कागद फाडला. योन-जू सुंदर दिसत होती. तिच्या शेजारी एक माणूस उभा होता, काळेभोर दाट केस, बाजूला भांग पाडलेला.

फिल-सुन वाकून बघत म्हणाली, "माझ्या डॉक्टरपेक्षा जास्त आहेत की गं."

जे वर्षभर मागत होते ते माझ्या हातात होतं. फुकट, आणि फिल-सुनच्या तोंडून कबूल झालेलं.

मी चौकट काखेत मारली, तवा तिच्या हवाली केला आणि बस पकडून स्टुडिओत गेले. तिथला तरुण उठून उभा राहिला. "आवडला ना, आजी? केस आम्ही न सांगताच भरून देतो, वेगळे पैसे लावत नाही."

"हा कोण आहे?" मी विचारलं.

"तुमचे जावई."

"नाही. मी माझा जावई चांगला ओळखते, दहा महिने दर रविवारी हात लावून बघितलाय. ह्या केसवाल्याला कोणी फोन करून बोलावणार नाही. माझा टकला मला परत दे."

त्याने दिला. आता तो फोटो माझ्या ठेल्यावर आहे, फिल-सुनच्या डॉक्टरच्या बरोबर समोर. जोंगनोहून येणारे टोपीवाले बाकावर बसतात, पांढरी पिशवी खिशात सारतात आणि वर बघतात.

"आजी, ह्यांना गोळी लागू पडली नाही वाटतं?"

"पडत होती," मी सांगते. "त्याने सोडली. बस, सांगते. टोपी काढ आधी, घाम बघ किती आलाय."