पितळी नळीचा एक्सल

या, असे जवळ येऊन बसा. आणि आधी माझं थोडं रागावणं ऐकून घ्या. निवृत्त पोलीस दिसला की तुम्ही लोक खून विचारता, दरोडा विचारता. जणू आम्ही आयुष्यभर दुसरं काही केलंच नाही! जीपच्या जुन्या एक्सलबद्दल, चाकांमधल्या त्या लोखंडी आसाबद्दल, मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. आणि माझ्या सगळ्या नोकरीतली जी केस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, ती नेमकी एका एक्सलची आहे. नाव मात्र कुणाचंही सांगणार नाही. त्यातले काही लोक अजून आहेत, त्यांची नातवंडं शाळेत जातात.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्यात मी जमादार होते. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झाले तेव्हा बाईचं काम म्हणजे बायकांची झडती घेणं आणि मोर्चात पुढे उभं राहणं, एवढंच. पंचनामा कसा लिहावा, जबाब कसा घ्यावा, हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. मी शेजारी उभी राहून शिकले. गाडीचं ज्ञान मात्र माहेरून घेऊन आले होते. वरठीच्या रस्त्याला माझ्या वडिलांचं जीप आणि ट्रक दुरुस्तीचं टिनाचं शेड होतं. इतर मुली भातुकली खेळायच्या, मी बेअरिंगचे छर्रे घेऊन खेळले.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. बाजार बसतो, लेकी-जावई येतात, दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, होते. अशाच एका मंडईत हिवताप फवारणीची सरकारी जीप चालवणारा एक ड्रायव्हर, गाडी गावाबाहेर आंब्याखाली लावून भरदुपारी दंडार पाहायला बसला. परत आला तर आंबा होता, जीप नव्हती. बिचारा स्वतःच धावत ठाण्यात आला आणि फिर्याद दिली.

आता पोलिसाचं मन कसं चालतं पाहा. कुठे काच फुटलेली नाही, चावी ड्रायव्हरच्या खिशात, आणि चार लोक सांगतात की हा पहिल्या रांगेत बसून खदखदा हसत होता. आमच्या ठाणेदार साहेबांनी ठरवूनच टाकलं की यानेच गाडी विकली आणि वर दंडार पाहत बसला. त्या काळच्या जुन्या जीपला चावी नावापुरतीच असायची, दुसऱ्या कुठल्याही चावीने ती सुरू व्हायची. हे मी बोलले, पण माझं बोलणं तेव्हा कोण धरतं? खात्याने त्याला निलंबित केलं. रोज सकाळची हजेरी झाली की तो ठाण्याच्या बाकावर येऊन बसायचा, दिवे लागायच्या वेळी घरी जायचा. विश्वासघाताचा गुन्हा त्याच्यावर लावायचा, एवढंच बाकी होतं.

त्याची बायको दुपारी डबा घेऊन यायची. एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, विहिरीवर बाया माह्यासंगं बोलून नाही राहिल्या जी. चोराची बायको म्हणते मले. नोकरी गेली तं जाऊ द्या, हे नाव कसं पुसू?"

तिच्या नवऱ्याचा जबाब चालू असताना मी तिथेच होते आणि एक गोष्ट माझ्या कानात अडकून बसली होती. तो म्हणाला होता, "साहेब, माही गाडी हजारांत ओळखीन मी. मागच्या एक्सलले पितळी नळी लावली हाये. भंडाऱ्याच्या कारागिराकडून बनवून आणली."

लिहून घेणारे हवालदार हसले. "नळी सांगून राहिला! चेसिसचा नंबर सांग गा, नंबर."

त्यांनी नळी लिहिली नाही. मी मात्र त्याला बाजूला घेऊन विचारलं, "नळी कायले लावली?" कायले, ते मला माहीत होतं, त्याला माहीत आहे का, हे पाहायचं होतं. एक्सलच्या पोटात तेल असतं. ते तापलं की हवा बाहेर पडायला वर एक बारीक भोक ठेवलेलं असतं. तापलेली गाडी नाल्यात उतरली की लोखंड एकदम गार होतं, आणि त्याच भोकातून पाणी आत ओढलं जातं. मग तेलाचं ताक होतं आणि आतल्या चाकांचे दाते झिजून जातात. या माणसाने त्या भोकावर नळी बसवून तिचं तोंड पार वर, सीटखाली नेलं होतं. त्याने मला हे सगळं सांगितलं, तेही गोठ्यातल्या जनावराबद्दल बोलावं तसं. मी मनात म्हटलं, जो माणूस सरकारी गाडीचं एवढं करतो, तो ती विकत नाही.

पण मनात म्हणून केस सुटत नाही. पुरावा लागतो.

तो पुरावा आमच्याच ठाण्याच्या जीपने दिला म्हणा ना! मोहाची दारू गाळणाऱ्या एकाच्या मागे लागून आमची जीप धानाच्या खाचरात उतरली, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आदळली आणि मागचा एक्सल कडाडकन मोडला. नवा एक्सल सरकारी मार्गाने यायचा म्हणजे पुढचा पोळा उजाडला असता. साहेब म्हणाले, जुना घ्या, पण चांगला पाहून घ्या. मी म्हटलं, मी जाते.

"जमादारीण बाई, एक्सल निवडणं म्हणजे वांगे निवडणं नोहे."

"साहेब, वांगंही वरून चकचकीत अन् आतून किडकं निघते जी. म्हणूनच मी."

ठाण्यात सगळे हसले. साहेबांनाही हसू आवरेना, आणि परवानगी मिळाली.

मी साडी नेसून गेले. खाकी दिसली की चांगला माल आतल्या खोलीत जातो आणि सरकारसाठी ठेवलेला कचरा पुढे येतो. सोबत ठाण्याचा ड्रायव्हर होता, साध्या कपड्यात. वाटेत मी त्याला बजावलं की आज तू माझा दीर. भंडारा शहराबाहेर जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकणारा एक दुकानदार होता, त्याच्या आवारात आम्ही गेलो.

"जीपचा मागचा एक्सल पाहिजे. आमच्या यांनी पाठवलं."

"या ताई, या. एक नंबर माल हाये."

त्याने पहिला दाखवला तो काळ्या रंगाने नुकताच रंगवलेला. जुन्या लोखंडाला ताजा रंग दिसला की मी हातोडी मागते. ठोकत ठोकत गेले. सगळीकडे खणखणीत आवाज, एका जागी बद्द. रंगाखाली चीर होती. दुसऱ्याला चीरबीर काही नव्हती, पण मी त्याच्या दोन्ही बाजू एकदम फिरवायला लावल्या आणि पुढची पिनियन, म्हणजे इंजिनाकडून फिरणारं छोटं दातेरी चाक, किती फिरते ते मोजलं. पुढच्या आणि मागच्या एक्सलचा हा हिशेब एकच लागतो. नाहीतर चिखलात चारही चाकं जोडली की पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरंच म्हणतात आणि मधल्या मधे गिअरबॉक्सचा जीव जातो. आमच्या पुढच्या एक्सलशी तो जुळत नव्हता.

दुकानदार आता माझ्याकडे जरा निरखून पाहायला लागला होता. माझं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. तिथे बारदान्याखाली आणखी एक एक्सल होता.

"तो पाहू."

"ते नका पाहू ताई. एकदम बेकार हाये. पिनियन खतम."

मी बारदाना काढलाच. पिनियन धरून हलवली, ढिली नाही. तेलाचा नट उघडून बोट घातलं, तेल मधासारखं. चिमटीत चोळून पाहिलं, लोखंडाचा चुरा नाही. हिशेबही आमच्याशी बरोबर जुळणारा. असा एक्सल मी वडिलांच्या शेडमध्येही क्वचित पाहिला होता.

आता मला सांगा, वाईट मालाला चांगलं म्हणणारे दुकानदार रोज भेटतात. त्यात काही विशेष नाही. पण जो आपल्याच चांगल्या मालाला वाईट म्हणतो, त्याच्यापाशी थांबावं. त्याला तो माल विकायचा नसतो, लपवायचा असतो.

मी हवेच्या भोकावरून हात फिरवला. बोटाला काहीतरी टोचलं. वाकून पाहिलं तर बोटभर पितळी नळी, वरून मोडलेली.

मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. उरलेली नळी कुठे गेली असेल? आमचा भंडारा पितळेचा गाव. इथे माणूस लोखंड रस्त्यावर टाकेल, पण पितळेचा खिळासुद्धा उचलून वेगळा ठेवेल. दुकानाच्या ओट्यावर एका टोपल्यात पितळ ठेवलेलंच होतं. फुटके लोटे, स्टोव्हचे पंप, कड्या. आणि त्यांच्यातून वर आलेली एक लांब, बारीक नळी.

मी पदर सावरला आणि सरळ त्या एक्सलवर बसले.

"भाऊजी," मी आमच्या ड्रायव्हरला म्हटलं, "घरी जाऊन यांना सांगा, माल पसंत पडला. म्हणावं चार माणसं अन् ट्रक घेऊन स्वतःच या."

तो हुशार. 'हे' म्हणजे कोण आणि चार माणसं कशाला, ते त्याला बरोबर समजलं. तो गेला, आणि मी बसून राहिले.

"ताई, खुर्चीवर बसा ना. कपडे खराब होऊन राहिले."

"होऊ द्या भाऊ. बाजारात पसंत केलेल्या मालावरून मी उठत नाही. उठलं की दुसरंच कोणी घेऊन जाते."

"बेकार हाये म्हणून सांगून राहिलो ना मी!"

"आमच्या यांना बेकारच आवडते."

त्याने चहा मागवला, तोही मी तिथेच बसून प्याले. शेवटी भंडाऱ्याच्या ठाण्यातले अंमलदार आणि पंच घेऊन आमचे साहेब ट्रकमधून उतरले, पूर्ण गणवेशात. दुकानदाराचं तोंड उघडंच राहिलं.

"ताई... हे तुमचे मालक?"

"नाही गा. हे माहे साहेब."

पंचांसमोर टोपल्यातली नळी काढली आणि एक्सलवरच्या तुकड्याला लावली. मोड मोडीत बसली. पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला, दुकानदार ठाण्यात आला. तिथे साहेबांनी काठीकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेब, आधी मला बसू द्या. मार खाऊन माणूस आपल्याला हवं ते बोलतो. मला जे घडलं ते हवं होतं.

त्याला चहा दिला. म्हटलं, "तू पाजला, आता माहा घे. एक्सल कोणत्या गाडीचा?"

"खदानीतल्या जीपचा हाये जी. तुमसरकडली."

"मँगनीजची खदान? मग याच्या कोनाकोपऱ्यात काळी भुकटी पाहिजे. हे पाहा," मी एक्सलच्या बेचक्यातून काढलेलं पुढे ठेवलं, "धानाचं तणस निघून राहिलं. खदानीत धान लावते का?"

त्याने तणस बोटाने बाजूला सारलं.

"बरं, माल चांगला, तरी बेकार काहून म्हटला?"

त्याने कप पुन्हा तोंडाला लावला. मग मी ती नळी टेबलावर ठेवली आणि काही बोललेच नाही. तो नळीकडे पाहत राहिला. पाहता पाहता स्वतःवरच चिडल्यासारखा बोलून गेला, "मागच्या बाजाराले विकून टाकाले पाहिजे होती. पितळेचा भाव चढून राहिला म्हणून ठेवली!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. त्याने चेसिसचा नंबर घासला होता, बॉडी तोडून वेगळी केली होती, सगळं शहाणपण केलं होतं. पण पितळ टाकून द्यायला काही त्याचा हात धजला नव्हता. पुढचं सगळं धो धो आलं. जीप त्याच्या मेहुण्याने मंडईतून नेली होती. इंजिन आणि चेसिस एका बंद पडलेल्या राइस मिलमागे तणशीच्या ढिगाखाली सापडलं. भंडाऱ्याच्या कारागिरानेही नळीवरचा आपला जोड पाहताच ओळखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी फवारणीच्या जीपचा ड्रायव्हर नेहमीसारखा बाकावर येऊन बसला. साहेब स्वतः बाहेर आले. "उठ गा. तुही गाडी सापडली. उद्यापासून इथं येऊ नको." तो उठलाच नाही. तोंडावर उपरणं घेऊन बसून राहिला. दुपारी बायको डबा घेऊन आली, आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तो वाटून खाल्ला. संध्याकाळी मी गणवेशात तिच्यासोबत गेले आणि विहिरीवर तिच्या गुंडीला, पाण्याच्या पितळी भांड्याला, हात लावून पाणी भरू लागले. बाया पाहत होत्या. मला तेच पाहिजे होतं.

आणि आमची जीप? ती तशीच विटांवर! एवढा सुंदर एक्सल मुद्देमालाच्या खोलीत चिठ्ठी लावून पडलेला आणि आम्ही सायकलवर गस्तीला. दुसरा एक्सल निवडायला तोच सुटलेला ड्रायव्हर माझ्यासोबत आला. बसवला त्यानेच, आणि न सांगता वर एक नवी पितळी नळीही लावली. मी स्वतः जीप नाल्यातून पार नेली, पलीकडे थांबून नट उघडला, तेल पाहिलं. मधासारखं! त्यानंतर साहेब एक्सलच काय, कुठलंही काम माझ्याकडे देताना कधी हसले नाहीत.

या केसने मला काय शिकवलं, असं विचाराल तर सांगते. माणूस जे जपतो ते त्याला दाखवून देतं. ड्रायव्हरने एक्सल जपला आणि तो सुटला. दुकानदाराने पितळ जपलं आणि तो सापडला. तपास करायचा म्हणजे समोरचा काय जपतो आहे तेवढं शोधायचं. मी सातवी पास बाई, फौजदार होऊन निवृत्त झाले ती याच एका गोष्टीवर, आणि मला त्याचा अभिमान आहे. लपवू कशाला?

कोर्टाचं काम संपल्यावर एक्सल आपल्या जीपला परत गेला. नळीचे ते दोन तुकडे ड्रायव्हरच्या बायकोने मागून घेतले, चिंच लावून लखलखीत घासले आणि मला आणून दिले. माझ्या देवघरातल्या फळीवर आहेत. पण असं नुसतं ऐकून काय कळणार? घरी या एकदा, आणि उगाच वर्षभर लांबवू नका. ते तुकडे तुमच्या हातात देते. एकमेकांना लावून पाहा. अजूनही केसाएवढी फट दिसत नाही.