बाईंचं पांढरं लुगडं

१९८४ सालच्या मार्चमधला शेवटचा रविवार. स्थळ चंद्रपुरातली आमची ओसरी, रक्कम एकोणतीस हजार रुपये, हजर मी, माझी बायको आणि तिची थोरली बहीण. निव्वळ मोकळेपणानं हसता यावं म्हणून एवढा खर्च करून विलायतेला गेलेलं दुसरं माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या दोन्ही जिल्ह्यांत असेल असं मला वाटत नाही.

बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्याकडे अकडसासू म्हणतात. म्हणजे मान सासूचा आणि दरारा सासूहून थोडा जास्त. पण त्या प्राथमिक शाळेत शिकवत, म्हणून सगळी वस्ती त्यांना बाई म्हणे आणि मीही बाईच म्हणायचो. पूर्वी बाई हसल्या की तिसऱ्या घरातला माणूस विनोद न ऐकताच हसू लागे. पाचव्या बाळंतपणानंतर ते हसणं बंद झालं. कोणी गमतीचं बोलू लागलं की त्या ओठ घट्ट मिटून आढ्याकडे बघत बसत. एकदा माझा चांगला रंगलेला किस्सा असा वाया गेला, तेव्हा मी विचारलं, "बाई, आवडलं नाही का?" त्या आढ्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुमी सांगा जी. मी मनातल्या मनात हसून राह्यली." शिंकेची तऱ्हा आणखी वेगळी. शिंक येतेसं वाटलं की बाई असतील तिथे मटकन खाली बसत, मग तो वर्ग असो की बाजार. वर्गातल्या पोरांना वाटे, बाईंचं काहीतरी पडलं. ती बाकांखाली शोधू लागत, आणि एकानं तर दुसऱ्याच कोणाचे पाच पैसे आणून बाईंच्या हातावर ठेवले होते.

त्यांची थोरली लेक अहेरीला दिलेली. त्या एसटीत दाराजवळची जागा बाईंची. गाडी कुठेही थांबली की त्या पिशवी घेऊन उतरत, झाडीत दिसेनाशा होत आणि परत येताना हातात कसला तरी पाला असे. खोटं बोलायचं नाही हे पंचशीलातलं शील बाई काटेकोर पाळत. पाला कशासाठी हे कोणी विचारत नसे, म्हणून त्यांना सांगावंही लागत नसे. कंडक्टरनं आपल्या मनानंच ठरवलं की या जाणकार वैदू आहेत. आलापल्लीच्या पुढे एका म्हाताऱ्यानं त्यांच्यासमोर पाय लांब केला. "बाई, गुडघ्याले कोणता पाला लावू?" बाई म्हणाल्या, "पाला राहू द्या. गरम पाण्यानं शेका." पुढच्या खेपेला तो पुन्हा भेटला. गुडघा बरा झाला होता आणि या वेळी त्यानं बायकोला सोबत आणलं होतं.

इथपर्यंत आम्ही हसत होतो. पांढऱ्या लुगड्याची गोष्ट मात्र हसण्यावारी गेली नाही. छप्पन साली ऑक्टोबरात चंद्रपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली, तेव्हा नवी नवरी असलेल्या बाई पांढरं लुगडं नेसून मैदानात बसल्या होत्या. पुढे दर वर्षी त्याच दिवशी, तेच लुगडं आणि पहिली रांग. मग एका वर्षी त्या गडद चॉकलेटी साडीत आल्या, मागे दाराशी बसल्या आणि वंदना चालू असतानाच उठून गेल्या. काही वर्षांनी येणंही थांबलं. वस्तीत कुजबुज सुरू झाली की बाई धम्म सोडून परत देवादेवींकडे वळल्या. एके दिवशी विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई दोघींना घेऊन घरी आल्या.

"बाई, पांढरं काऊन सोडलं?"

"सुटलं."

"घरात देवी-बिवी तर नाई बसवली?"

"पाहून घ्या."

त्यांनी खरोखरच स्वयंपाकघरापर्यंत जाऊन कोनाडे पाहिले. बाईंनी तिघींना चहा दिला आणि त्या गेल्यावर चुलीपाशी बसून रडल्या. हे मला बायकोनं सांगितलं, आणि मग बाकीचंही सांगितलं. खोकलं, शिंकलं, हसलं, घागर उचलली की त्यांना लघवी सुटे. पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो, आणि तसली साडी परटाकडे टाकायची म्हणजे वस्तीभर बोभाटा, म्हणून सगळं धुणं त्या पहाटे स्वतः उरकत. धम्म सोडला म्हणून बोल लावून घेणं त्यांना परवडलं, पण हे सांगणं परवडलं नाही.

नागपूरच्या डॉक्टरनं एवढ्या बाळंतपणांनंतर असं व्हायचंच म्हणून वाटेला लावलं होतं. मधली लेक इंग्लंडात नर्स. ती सुट्टीवर आली, पहाटेच वाळत घातलेल्या कपड्यांची रांग तिनं पाहिली आणि दोन वाक्यांत निकाल दिला, "आई, आमच्या वॉर्डात याचं ऑपरेशन करतात. लघवीच्या पिशवीचं तोंड वर ओढून टाके घालतात."

म्हणून तो मार्चचा रविवार. तिकीट व दवाखाना मिळून मी एकोणतीस हजारांचा आकडा काढला, त्यात बाईंची शिल्लक आणि लेकीची भर. बाईंनी तो बोटांवर पुन्हा मोजून पाहिला. मग म्हणाल्या, "जवाई, एवढ्यात पोराचं लगन होते. हसण्यापायी इतके?"

"लग्नात हसायला नको का?" मी म्हणालो.

त्यांनी घाईनं आढ्याकडे पाहिलं. "अन् लोकाइले काय सांगू?"

"लेकीकडे चालले म्हणा. त्यात खोटं काय?"

ऑगस्टमध्ये त्या परत आल्या. बरं वाटलं का, असं बायकोनं विचारलं तर म्हणाल्या, "सोळा आणे नाई, चौदा आणे. बाकीच्या दोन आण्यांची कसरत शिकवली तिथल्या नर्सनं."

ऑक्टोबरात त्यांनी पेटीतून ते लुगडं काढलं, आणि त्या नेसून पहिल्या रांगेत बसल्या. वंदना पुरी होईपर्यंत हलल्या नाहीत. माझी बायको मात्र पूर्ण वेळ त्यांच्या पाठीकडेच बघत होती. नंतर अध्यक्षीणबाईंनी गाठलंच. "आता परत काऊन नेसलं?"

बाईंनी वर्गात बोलतात तशा आवाजात सांगितलं, "मुताचं दुखणं होतं, बाई. विलायतेतून शिवून आली."

बायका एकेक करून पांगल्या. अध्यक्षीणबाई तेवढ्या थांबल्या, सतरंजीची गुंडाळी करत. खाली बघूनच म्हणाल्या, "माह्यंबी तसंच आहे. पण विलायतेले कोन नेते आमाले? इथी काई होते का?"

तेव्हापासून दर रविवारी वंदना आटोपली तरी बायका उठत नाहीत. मांडी घालून, डोळे मिटून, आतल्या आत आवळायचं, सोडायचं, हे बाई हळू आवाजात सांगतात. कोणाला फरक पडतो, कोणाला नाही. त्यांना विलायत नाही, एवढं बाई जाणून आहेत. विहाराच्या सचिवांना यातलं काहीच ठाऊक नाही. वर्षअखेरीच्या सभेत ते गंभीरपणे म्हणाले, "पुरुषांनी महिला मंडळाकडून ध्यान शिकावं." बाई आधी आढ्याकडे बघू लागल्या. मग एकदम हसल्या, अगदी पूर्वीसारख्या. मध्येच थांबल्या, क्षणभर स्वतःचा अंदाज घेतला, आणि पुन्हा हसल्या.

आता हिशेबातली शेवटची रक्कम. ते लुगडं नेसण्याआधी बाईंनी परटाकडे टाकलं होतं, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच. धुणं, नीळ, इस्त्री मिळून सव्वा रुपया. घड्यांवरच्या पिवळ्या रेघा तशाच राहिल्या होत्या. परीट ओशाळून म्हणाला, "बाई, फार वर्षं पेटीत राह्यलं. आता हे निघत नाई." बाईंनी त्याला दीड रुपया दिला.